तिसरा आग्रह

इराणातल्या हमदानात वर्ष सरत आलं की लोक घराची मानगूट धरून त्याला गदागदा हलवतात. गालिचे गच्चीच्या कठड्यावर टाकून बडवायचे, पडदे उतरवायचे, कपाटामागे वर्षभर सुखानं नांदलेली धूळ हुसकून शेजाऱ्याच्या खिडकीत पाठवायची. अलवंद डोंगरावरचा बर्फ वितळायला लागला की इकडे गटारांना पाणी येतं आणि घराघरांत भांडणांना तोंड फुटतं. रंगारी कुणी बोलवायचा, नळ कुणी बघायचा, आणि गेल्या ईदेला, म्हणजे नौरोजच्या नववर्षाला, काचेचं झुंबर पुसताना कुणी फोडलं होतं.

नुसरत आगांच्या घरात यंदा भांडायलाच कुणी नव्हतं. त्यांच्या बायको, तूबा खानुम, पानगळीत गेल्या. सकाळी डाळिंब सोलायला बसल्या, अर्धं झाल्यावर "जरा पाठ टेकते" म्हणाल्या, ती टेकलीच. उरलेलं अर्धं डाळिंब आगांना काळं पडेपर्यंत टाकवलं नाही.

आगा हवामान कचेरीतून निवृत्त झालेले. अख्ख्या जिल्ह्यात किती पाऊस झाला, कुठल्या खिंडीत किती बर्फ साठला, हे मोजण्यात त्यांची उमर गेली. स्वतःच्या गच्चीवर किती साठला ते मात्र बायको बघायची. बघायची म्हणजे काय, फावडं घेऊन वर चढायची, नाहीतर गल्लीतून बर्फवाला ओरडत गेला की खिडकीतूनच त्याची मजुरी ठरवून, पाडून, त्याला वर पाठवायची. आगांचा आणि कामकरी माणसांचा संबंध तिनं कधी येऊ दिला नाही. "तुम्ही बोलायला लागलात की घर विकायला निघेल," म्हणायची.

ऐन थंडीत आगांनी एकदा स्वतः बर्फवाल्याला हाक मारली होती. पण दारात आलेल्या माणसाला चहा न विचारता वर कसं पाठवायचं? त्यांनी विचारलं. तो म्हणाला, नको. इथली रीत अशी की पहिलं नको हे नको नसतं, दुसरं नको सवयीचं असतं, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाल्यावरही नको म्हटलं तर तो अपमान होतो. आगांनी तीनदा आग्रह केला. बर्फवाला बसला. चहा झाला, पिस्ते झाले, त्याच्या मेव्हण्याच्या मूतखड्याची साद्यंत कथा झाली. तो उठला तेव्हा अंधारलं होतं आणि नवा बर्फ पडायला लागला होता. "उद्या येतो," म्हणाला. आलाही असता बिचारा. पण पुन्हा मूतखडा काढावा लागेल या धास्तीनं त्यानं गल्लीच बदलली.

बर्फ गच्चीवर बसून राहिला आणि ऊन तापल्यावर बैठकीच्या खोलीत उतरला. आधी छताला बशीएवढा डाग पडला, मग त्याची परात झाली, मग थेंब. आगांनी खाली पातेलं ठेवलं. नोकरीची सवय म्हणून रोज सकाळी पातेल्यात किती साठलं ते बघायचे.

हे असंच चाललं असतं. पण एका गुरुवारी लेक फिरोजे करजहून आली आणि मावशीला, आगांच्या मेहुणी महलका खानुमला, घेऊन आईच्या कबरीवर जाऊन आली. दोघी बैठकीत टेकल्या. महलका खानुमनं चहाचा पेला उचलला आणि वरून एक थेंब बरोबर त्यात पडला.

तिनं आधी पेल्यात बघितलं, मग वर.

"भावोजी, तुमचं छत चहात पाणी घालतंय."

"थोडा पाझर आहे. होईल."

"काय होईल? ईदेला सगळा गोतावळा इथं येणार. माझ्या बहिणीची पहिली ईद आहे. लोक काळे कपडे घालून बसतील का रेनकोट?" मग ती भाचीकडे वळली. "फिरोजे, बापाला घेऊन जा. हा माणूस एकटा राहिला तर एक दिवस आपल्याला छताखालून उपसून काढावा लागेल."

ज्या घरात वर्षात माणूस गेलं, तिथं नौरोजच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी आधी जायचं, कडू कॉफी प्यायची, मग इतरांकडे. ते काही टळणारं नव्हतं. फिरोजेनं बापाकडे बघितलं. तिच्या नाकाचा शेंडा थेट तूबासारखा लाल झाला होता.

"बाबा, ईदेपर्यंत. पाहुण्यांना घर धड दिसलं तर मी एक शब्द काढणार नाही. नाहीतर सामान बांधायचं."

करजला फिरोजेचं घर म्हणजे चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात दोन पोरं, नवरा शापूर आणि त्याचं धुलाई यंत्र. त्याचं आगांना काही नव्हतं. पण इथं ते रोज सकाळी दोन पेले चहा भरायचे आणि दोन्ही आपणच प्यायचे. करजला दोन पेले भरले असते तर घरच्यांनी डॉक्टर बोलावला असता.

दुसऱ्या दिवशी आगा चौकात गेले. तिथं सकाळी मजूर उभे असतात. कुणाच्या हातात थापी, कुणाच्या ब्रश, कुणाच्या पाना. माणसाच्या आधी हत्यारच सांगतं धंदा काय ते. तूबा इथं यायची तेव्हा बोट दाखवायची: तू, काय येतं, किती घेशील, फार होतात, चल. आगांना बोट दाखवणंच जमेना. एकाला निवडायचं म्हणजे बाकीच्यांच्या तोंडावर त्यांना नाकारायचं.

"दमू नका, मंडळी," त्यांनी रीतीप्रमाणे सगळ्यांना मिळून म्हटलं.

"काम द्या आगा, मग दमतो," एक रंगारी म्हणाला.

आगा हसले आणि तिथंच उभे राहिले. गाड्या येत होत्या, माणसं उचलून नेत होत्या. ऊन चढलं तेव्हा चौकात दोघंच उरले, आगा आणि एक उंच, लांबोड्या चेहऱ्याचा इसम. त्याच्या हातात थापी होती, पाना होता, ब्रशही होता. ज्याच्या हातात सगळं त्याला कुणीच नेत नाही. पण हे आगांना कोण सांगणार?

"उस्ता, छताचं काम करता?"

"छताचं, भिंतीचं, नळाचं. नाव करम. होऊन जाईल."

"मजुरी काय घ्याल?"

"तुमच्याकडून काय घ्यायचं, आगा. काही नको."

"असं कसं? सांगा."

"लाजवू नका. काम बघा, मग मनाला येईल ते द्या."

"मनाला येईल ते म्हणजे फारच झालं."

"मग त्याहून कमी द्या."

दोघांनी छातीवर हात ठेवून एकमेकांपुढे मान लववली. मजुरी अशी न ठरताच ठरली.

उस्ता करमनं डागाखाली उभं राहून बराच वेळ वर पाहिलं. हकीम जीभ बघतो तसं.

"उघडून बघावं लागेल."

"उघडायलाच हवं का?"

"तुमची मर्जी नसेल तर नाही उघडत."

"छे छे, तुम्हाला योग्य वाटेल तसं."

"नाही, तुम्ही म्हणाल तसं."

"तुम्ही जाणकार."

आता जाणकार म्हटल्यावर करमला हातोडा उचलणं भाग पडलं. पहिल्या ठोक्याला गिलावा पडला, दुसऱ्याला विटा, तिसऱ्याला एक मेलेलं पाखरू आणि त्याचा सगळा संसार. धूळ बसली तेव्हा छताला माणसाचं डोकं जाईल एवढं भोक होतं आणि त्यातून आभाळ दिसत होतं.

"निरभ्र," आगा म्हणाले. जन्माची सवय.

"बघा, उघडलं म्हणून कळलं," करम म्हणाला.

दुपारी आगांनी जेवायला बसा म्हटलं. करम दोनदा नको म्हणाला, तिसऱ्यांदा बसला. आगांनी शिजवलेला मटण-चण्याचा रस्सा त्यानं तोंडात घातला, चेहऱ्यावरची रेषा हलू दिली नाही, आणि म्हणाला, "हात सोन्याचे आहेत तुमचे." मग आगांनी त्याला दुसरी वाटी वाढली. तिसरीही. चार दिवसांनी करम घरून येतानाच कांदे आणून स्वतः चुलीशी उभा राहायला लागला. म्हणे तुम्हाला त्रास नको. छताचं काम आता जेवणानंतर सुरू व्हायचं आणि चहाला थांबायचं.

पण माणूस सोबतीला बरा होता. आगा आता सकाळी दोन पेले भरायचे आणि एकच प्यायचे.

मग गच्चीवर डांबर घालायचा दिवस आला. करमनं वर पिंप चढवलं, खाली जाळ केला, गोणपाट अंथरलं. आगा बैठकीत पुस्तकं पुसत होते. वरून आवाज आला.

"आगा, भोकाखाली फळी ठोकलीय ना?"

"कुठली फळी?"

 उत्तरादाखल डांबर आलं, मधाच्या धारेसारखं, घाई नसलेलं, आणि तूबाच्या लग्नातल्या गालिच्याच्या बरोबर मधल्या फुलात जाऊन बसलं. आगा बघत राहिले. पातेलं पुढे सरकवावं हे त्यांना सुचलं तेव्हा धार थांबली होती.

करम धावत खाली आला आणि गुडघ्यांवर बसला. "माझ्या डोक्यावर माती पडो. आगा, मला शिव्या द्या."

"तुमच्या जिवापुढे गालिचा काय," आगा म्हणाले. म्हणायचं तेच असतं. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि विझलेल्या चुलीकडे तोंड करून उभे राहिले. त्या गालिच्यावर तूबा एका कोपऱ्यात बसायची, मधल्या फुलावर पाय कुणाला ठेवू द्यायची नाही. ती रागावली की अख्खी गल्ली ऐकायची. आता अख्खी गल्ली गालिचे बडवत होती, आणि या घरातून काहीच ऐकू येत नव्हतं.

त्या दिवशी करमला काहीतरी गोड बोलून जायचं होतं. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि कोपऱ्यातल्या, चहाचं पाणी उकळायच्या पितळी समोवरावर नजर पडली. "काय सुरेख समोवर आहे. असा आता मिळत नाही."

"तुमचाच आहे," आगांच्या तोंडून निघून गेलं.

इथं कुणी वस्तूची तारीफ केली की मालकानं तुमचीच म्हणायचं आणि तारीफ करणाऱ्यानं तुम्हालाच शोभते म्हणायचं. झालं. पण आगांचं मन चुलीपाशी होतं, आणि एकदा सुरू झालेला आग्रह कुठं थांबवायचा हे तूबाला कळायचं, त्यांना नाही.

"तुम्हालाच शोभतो, आगा."

"घेऊन जा."

"खुदाची शपथ, नको."

"माझ्या तूबाच्या आत्म्यासाठी."

करम पांढरा पडला. मेलेल्या माणसाच्या नावानं दिलेलं नाकारणार कसं? तो समोवर काखोटीला मारून, फाशीला निघाल्यासारखा, गेला.

सकाळी तो आला तेव्हा त्याच्या काखेत एक कोंबडी होती.

"हे काय, उस्ता?"

"बायकोनं पाठवली. एवढी मोठी वस्तू घेतली तर रिकाम्या हातानं कसं राहायचं." मग खाली बघत म्हणाला, "बाई उंबऱ्यातच विचारत होती, मजुरी कुठाय. म्हटलं, समोवर. तर म्हणाली, पोरांना ईदेला अंगात समोवर घालू का?"

आगांना वाईट वाटलं. पण मजुरीचं आपण काढलं तर करमला आपणच मागितल्यासारखं वाटेल म्हणून ते गप्प राहिले. आगा काढतील या आशेनं करम रोज थोडं काम शिल्लक ठेवत होता. कोंबडीची तारीफ मात्र आगांनी केली, आणि करम लगेच म्हणाला, "अजून एक आहे घरी, ती पण तुमचीच." दुसरी कोंबडी आली. आगांनी परतफेड म्हणून आपला लोकरी कोट दिला. कोटाच्या बदल्यात लोणच्याची बरणी आली, बरणीच्या बदल्यात भिंतीवरचं घड्याळ गेलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथं दोन्ही बहिणी एकाच घरात मुक्कामाला होत्या. दोघंही माणसं दिवसेंदिवस खंगत चालली होती, आणि छताला भोक तसंच होतं.

ईदेच्या आदल्या दिवशी महलका खानुम शिऱ्याचं पातेलं घेऊन आली. पाहुण्यांसाठी केशराचा शिरा परतायचा होता. ती बैठकीच्या दारात उभी राहिली. कोपऱ्यात कोंबड्या, गालिच्याच्या पोटात काळा डाग, वर भोक, भोकात गोणपाट. खाली दोन पुरुष, चहा पीत.

"हे काय आहे?"

"छत," आगा म्हणाले.

"समोवर कुठाय माझ्या बहिणीचा?"

 उत्तर कोंबडीनं दिलं.

महलका खानुमनं पातेलं खाली ठेवलं आणि करमकडे वळली. "तू कोण?"

"उस्ता करम, खानुम. सेवक."

"किती दिवस आहेस इथं? जाऊ दे, नको सांगू. मजुरी किती?"

"तुमच्यापुढे काय..."

"किती?"

करमनं घाबरून आकडा सांगून टाकला.

"जास्त आहे. गालिचा वजा. हा घे निम्मा, उरलेला भोक बुजल्यावर. समोवर तासाभरात इथं पाहिजे. कोंबड्या घेऊन जा. भावोजी, पाकीट."

आगांनी पाकीट काढून दिलं.  आवाज महलकाचा होता, पण शब्द आणि ते मध्येच हात झटकणं थेट तूबाचं. ती पुढच्या खोलीत गेली तरी आगा दाराकडे बघत बसले.

मजुरी हातात पडल्याबरोबर करमच्या अंगात वारं भरलं. समोवर आला, घड्याळ आलं, कोट आला. भोकाला फळी लागली, विटा बसल्या. एवढं करून तो थांबला असता तर बरं होतं. पण आपल्या हातून आगांचं वाटोळं झालं याची त्याला टोचणी होती, म्हणून त्यानं भोक बुजवल्याच्या जागी गिलाव्याचं एक फूल घडवायला घेतलं. फूल मोठं होत गेलं. एक पाकळी जाड झाली म्हणून दुसरी जाड केली, दुसरी जाड झाली म्हणून तिसरी. संध्याकाळी छतातून एक कलिंगड खाली लोंबत होतं.

महलका खानुम हातात पळी घेऊन बघायला आली. "छताला गळू झालंय."

"सुकलं की बसेल, खानुम."

"कधी सुकेल?"

करमनं विचार केला. "उन्हाळ्यात."

मग तिनंच शक्कल लढवली. फुलाच्या बरोबर खाली छोटं मेज ठेवायचं, त्यावर तूबाचा फोटो आणि मेणबत्त्या. डांबराचा डागही झाकेल आणि त्या जागी कुणी बसणारही नाही. मेजावर पांढरा कपडा टाकताना आगा फोटोला हळूच म्हणाले, "घाबरू नकोस, तुला काही होणार नाही." पण वर बघून त्यांना स्वतःलाच खात्री वाटेना.

ईदेच्या सकाळपासून काळ्या कपड्यांची रांग लागली. कडू कॉफी फिरत होती, खजूर फिरत होते, शिऱ्यावर दालचिनीची नक्षी होती. पाहुणे बोलायचे तूबाबद्दल आणि बघायचे भिंती. आगा दाराशी उभं राहून हात छातीवर ठेवत होते, पण डोळा छतावर. आगांच्या एका म्हाताऱ्या मावसभावाला नेमका फोटोपुढे उभं राहून फातिहाची प्रार्थना म्हणायचा उमाळा आला. तो हळूहळू म्हणत होता. वरून पिठासारखी भुकटी त्याच्या काळ्या टोपीवर पडत होती. महलका खानुमचे ओठ त्याच्या बरोबरीनं हलत होते, पण ती फातिहा म्हणत नव्हती. म्हाताऱ्यानं शेवटचा शब्द ओढला, तोंडावरून हात फिरवले, आणि सरकला.

फूल टिकलं.

दुपारी घरचेच उरले. महलका खानुमनं सगळीकडे एक नजर फिरवली. "तूबानं हजार चुका काढल्या असत्या. पण ठीक आहे. माणसाचं घर दिसतंय."

फिरोजे बापाजवळ येऊन बसली. "जिंकलात बाबा. शब्द दिला होता ना, मी काही बोलणार नाही."

आगांच्या छातीवरचा धोंडा उतरला. उद्या सकाळी दोन पेले. आणि करमला चहाला बोलावता येईल अधूनमधून, काम नसताना.

एवढ्यात जावयानं, शापूरनं, घसा साफ केला. शापूर माणूस सरळ. सासऱ्याच्या घरी, गोतावळ्यासमोर, पहिल्या ईदेला काहीतरी शोभेसं बोलावं इतकंच त्याच्या मनात होतं.

"आगाजान, घर छानच झालंय. तरीही आमचं घर तुमचंच आहे. चला आमच्याकडे."

"तुमची सावली कायम राहो," आगा म्हणाले. "मी इथं बरा आहे."

"असं कसं? पोरं आठवण काढतात."

"मी येऊन भेटेन पोरांना. तुम्हाला कशाला ओझं."

इथं थांबायचं असतं. दोनदा विचारलं, दोनदा नको झालं, दोघांची अब्रू राहिली. पण खोलीतले सगळे बघत होते, मावसभाऊही टोपी झटकता झटकता थांबला होता, आणि शापूरला वाटलं आपण थोडं कमी पडतोय. त्यानं कॉफीचा पेला खाली ठेवला, हात छातीवर ठेवला.

"तूबा खानुमच्या आत्म्याची शपथ. तुम्ही येत नसाल तर या घरातला घोट मी घेणार नाही."

आगांनी त्याच्याकडे पाहिलं. मग लेकीकडे. फिरोजेच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि ती नवऱ्याकडे अशी बघत होती की करजच्या दोन खोल्या, त्यातली दोन पोरं आणि धुलाई यंत्र आगांना तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. त्यांनी आणखी एकदा नको म्हणावं, हे तिला हवं होतं. शापूरलाही हवं होतं.  आगांना तर हवंच होतं. अख्ख्या खोलीत ते एक नको सगळ्यांनाच हवं होतं, आणि ते तोंडातून काढणं कुणालाच शक्य नव्हतं. तिसरा आग्रह, तोही मेलेल्या माणसाच्या नावानं.

"तुमचा शब्द माझ्या डोळ्यांवर," आगा म्हणाले.

शापूरनं पेला उचलला आणि कडू कॉफी एका घोटात संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. करम नवा सदरा घालून ईदेच्या भेटीला आला होता. आगांनी त्याच्या हातात किल्ली ठेवली. "घराकडे लक्ष ठेवा. तुमचंच समजा." करमनं तोंड उघडलं, आगांचा चेहरा बघितला, आणि एकदाही नको न म्हणता किल्ली खिशात घातली. त्याच्यासारख्या माणसाला हे किती जड गेलं असेल.

मग तो आतून पाण्याचा वाडगा घेऊन आला. प्रवासाला जाणाऱ्याच्या मागे पाणी ओततात, म्हणजे माणूस परत येतं. गाडी सुरू झाली, करमनं पाणी फेकलं, थोडं आगांच्या बाजूच्या काचेवर उडालं. आणि त्याच क्षणी घरातून धप्प असा आवाज आला. जड आणि मऊ, थोडा काचेचा.

करम वाडगा हातात धरून घराकडे वळला. मग गाडीकडे. त्यानं हळूच हात छातीवर ठेवला.

"काहीतरी पडलं," फिरोजे म्हणाली. "बाबा, जाऊन बघायचं?"

परत जायचं. आत जायचं. फोटो उचलायचा, काचा वेचायच्या, मग घर धड नाही, डागडुजी करायला हवी, ईदेनंतर बघू. सगळं एका होकाराच्या अंतरावर होतं.

"नको, कशाला उगाच," आगांच्या तोंडून निघालं. "गडगडलं असेल."

वर आभाळ निळंशार होतं. ढगाचा ठिपका नव्हता. गाडीतल्या कुणी हवामान कचेरीतल्या माणसाशी वाद घातला नाही.

गल्लीच्या तोंडाशी शापूरनं वेग कमी केला. आरशातून सासऱ्याकडे बघितलं. "अजून वळता येईल हं, आगाजान. खरंच. राहायचं असेल तर..."

"छे छे. तुम्हाला उशीर होईल."

आगा सीटच्या कडेवर सरकले, हात दाराच्या मुठीपाशी नेऊन बसले. पुढे चौक होता, जिथं मजूर उभे असतात. ईद म्हणून आज रिकामा. तिथून गाडी वळवता येत होती. आगांना दिसलं, शापूरनं पुन्हा आरशात बघितलं, ओठ उघडले. मागून एका ट्रकनं लांबलचक भोंगा वाजवला. शापूर दचकला, त्यानं पाय दाबला आणि चौक मागे गेला.

आगा बऱ्याच वेळपर्यंत तसेच कडेवर बसून होते. काचेवरचं पाणी वाऱ्यानं मागे मागे सरकत होतं.